तडा, भेग की तिराड?

(बडोद्यातल्या तिघांचं बोलणं; नावाऐवजी प्रत्येकाचा भाग दिला आहे.)

दांडिया बाजार: मुलगा वेल्डिंगच्या तपासणीचं काम करतो. काल म्हणाला, 'जोडावर बारीक तिराड निघाली.' आजी लगेच म्हणाली, तिराड गुजराती, आपण भेग म्हणतो. मला तडा वाटतो. धातूच्या बाबतीत बरोबर कोणतं? आणि नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगला, म्हणजे वस्तू न मोडता केलेल्या तपासणीला, 'अविनाशी चाचणी' हा शब्द वाचला, तो चालेल?

रावपुरा: ताई, तडाच. भेग सुकून पडते, जमिनीला, टाचेला. ती उकललेली असते, दिसते. तडा ताणाने किंवा आघाताने जातो आणि पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून तर माठ घेताना वाजवून बघतो, बद्द वाजला की परत ठेवतो. क्रियापदंही बघा: भेग पडते, तडा जातो. 'अविनाशी' मात्र नको. ज्याचा नाश होत नाही ते अविनाशी. ते विशेषण आत्म्याचं. इथे चाचणी वस्तूचा नाश करत नाही, म्हणून 'अविनाशक'. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघालं आणि कारागिरीचं शिक्षण मातृभाषेतून द्यायचं ठरलं, तिथे एवढा काटेकोरपणा हवाच.

मकरपुरा: आमच्याकडे 'डीपी मारली का?' एवढंच विचारतात. डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, फटीत शिरणाऱ्या रंगाने केलेली तपासणी. जोड साफ करायचा, लाल पेनिट्रंट लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा. थेट जोडावर फवारला तर तड्यातला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर. तो आतला रंग ओढून घेतो आणि लाल रेघ उमटते. तड्याचं तोंड पृष्ठभागावर उघडं नसेल तर मात्र काही कळत नाही. लोखंडाला चुंबकीय चूर्णही चालतं, म्हणजे जोड चुंबकित करून लोखंडी भुकटी टाकायची, ती तड्यापाशी गोळा होते, पण तडा चुंबकीय रेषांना आडवा हवा, म्हणून दोन दिशांनी तपासायचं. ॲल्युमिनियम, तांब्याला ते लागू नाही.

दांडिया बाजार: पेनिट्रंटला 'भेदक द्रव' म्हणू का?

रावपुरा: नको हो, तो काही भेदत नाही. असलेल्या फटीत केशाकर्षणाने आपोआप शिरतो. आपल्याकडे त्याला 'मुरणं' हे सुरेख क्रियापद आहे. लोणचं मुरतं, जमिनीत पाणी मुरतं. 'पाणी कुठेतरी मुरतंय' असं आपण म्हणतो, ते शोधणं म्हणजेच ही तपासणी. माझी सूचना: 'मुरता रंग'.

मकरपुरा: हा शब्द मी उद्यापासून वापरणार. ताई, मुलाला एक सांगा: उमटलेल्या खुणेची लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तरच ती रेघ धरतात. गोल ठिपका आला तर तो बहुधा तडा नव्हे, वायूचं छिद्र असतं.