‘ग्रानरोहो’ : मोठा लाल की मोठी लाल?

टिबुरोनिया ग्रानरोजो या खोल समुद्रातल्या जेलीफिशबद्दल वाचत होतो. स्पॅनिशमध्ये ‘ग्रान’ म्हणजे मोठा, ‘रोजो’ म्हणजे लाल, इतकं कळलं. पण ‘टिबुरोनिया’ स्त्रीलिंगी वाटतं, मग ‘रोजा’ का नाही? आणि मराठीत काय म्हणावं?

—

आधी उच्चार. स्पॅनिशमध्ये तिथे ‘ज’ नाही, घशातून येणारा ‘ह’ आहे : तिबुरोनिया ग्रानरोहो. ‘तिबुरोन’ म्हणजे शार्क, पण या जीवाचा शार्कशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम संशोधन संस्थेच्या, जहाजावरून केबलने चालवल्या जाणाऱ्या, पाण्याखालच्या यंत्राचं नाव ‘तिबुरोन’ होतं. त्यावरून नाव देऊन 2003 मध्ये मात्सुमोतो, रास्कॉफ आणि लिंडसे या संशोधकांनी ही नवी प्रजाती (नावातला पहिला शब्द) आणि जाती (दुसरा शब्द) नोंदवली. संशोधक तिला आधीपासून ‘बिग रेड’ म्हणत, तेच स्पॅनिशमध्ये आलं.

आता लिंग. प्राण्यांच्या नामकरणात प्रजातीच्या लिंगानुसार बदलतात ती लॅटिन किंवा लॅटिन मानलेली विशेषणं. स्पॅनिश शब्द आहे तसा राहतो. म्हणून ‘रोहो’ चूक नाही. दोन शब्द जोडून लिहिलेत तेही नियमानेच, कारण जातीचं नाव एकच शब्द असावं लागतं.

मला यात फार आवडलेली गोष्ट वेगळीच. स्पॅनिशमध्ये नामाआधीचं ‘ग्रान’ दोन्ही लिंगांत तेच राहतं, बदलतो तो रंग : रोहो, रोहा. मराठीत नेमकं उलट! ‘लाल’ कधीच बदलत नाही, ‘मोठा-मोठी’ बदलतं. त्यामुळे मूळ नावात रंगाच्या शब्दावर असलेलं लिंग मराठीत आकाराच्या शब्दावर जातं.

—

‘लाल’ऐवजी ‘तांबडा’ घेतलं तर दोन्ही शब्द बदलतील : मोठा तांबडा, मोठी तांबडी. पण रंगाबद्दल एक लक्षात ठेवा. साधारण 600 ते 1500 मीटर खोलीवर वरून येणारा लाल प्रकाश पोचतच नाही, म्हणून तिथे हा जीव काळा, जवळजवळ अदृश्य. त्याचा लाल रंग यंत्राच्या दिव्यांत दिसला. नावातला ‘लाल’ हा दिव्याने दाखवलेला लाल आहे.

—

हे फारच उपयोगी. जेलीफिश मी स्त्रीलिंगी वापरतो, तेव्हा ‘मोठी तांबडी’ लिहीन. तिच्या छत्रीसारख्या शरीराच्या कडेला तंतू नाहीत, खाली नुसते चार ते सात जाड मांसल बाहू. अशा रूपाला ‘तांबडी’ हा ठसठशीत शब्द शोभतो. शास्त्रीय नाव मात्र ‘ग्रानरोहो’च.