हिंमत आणि सचोटीवरचे असे सिनेमे सुचवा ज्यात शेवटी ट्रॉफी मिळेलच असं नाही

अबोली

मंडळी मदत हवीये. माझी भाची पंधरा वर्षांची आहे, सुट्टीत माझ्याकडे राहायला आलीये आणि आम्ही दोघी रोज रात्री एक सिनेमा बघतो. मी मुद्दाम प्रेरणादायी म्हणतात तसले निवडले, दंगल झाला, चक दे इंडिया झाला, भाग मिल्खा भाग झाला, ट्वेल्थ फेल तर तिला खूपच आवडला. पण काल अर्धा सिनेमा झाला असताना म्हणाली, "मामी, हा शेवटी जिंकणारच आहे ना, मग मी कशाला टेन्शन घेऊ?"

मला तिचं म्हणणं खरं वाटलं. दोन तास कष्ट, मध्ये एक अपमान, मग म्युझिक वाढतं आणि शेवटी मेडल. मेडल मिळणारच हे आपल्याला आधीपासून ठाऊक असेल तर त्या माणसाची हिंमत आपल्याला दिसते तरी का? मला तिला असं काहीतरी दाखवायचंय ज्यात माणसाला समोर हार दिसतेय, नुकसान दिसतेय, तरी तो जागचा हलत नाही. स्पोर्ट्सवरचे बरेच झाले, सचोटीवरचे, म्हणजे ऑफिसात, कोर्टात, घरात कुणीतरी सरळ वागलंय आणि त्याची किंमत मोजलीये असे हवेत. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स ती माझ्यापेक्षा भराभर वाचते, ब्लॅक अँड व्हाइटलाही ना नाही. फक्त मारधाड आणि रक्त फार नको.

तिसरी घंटा

पहिलं नाव डोळे झाकून घ्या, ट्वेल्व्ह अँग्री मेन, 1957 चा. सिडनी ल्युमेटचा हा पहिला सिनेमा. एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, बारा ज्युरी, म्हणजे निकाल ठरवायला बसवलेले साधे नागरिक, एका खोलीत बसलेत, निकालाला सगळ्यांचं एकमत लागतं, बाहेर प्रचंड उकाडा, सगळ्यांना घरी जायची घाई. पहिलं मतदान होतं, अकरा जण म्हणतात दोषी, एकच हात वेगळा. आणि मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर हा आठ नंबरचा ज्युरी, हेन्री फोंडा, तो कधीच छातीठोकपणे म्हणत नाही की मुलगा निर्दोष आहे. त्याचं म्हणणं एवढंच की मला माहीत नाही, पण एकाचा जीव जातोय तर आधी जरा बोलूया तरी.

आता यातली एक जागा तुमच्या भाचीला नीट बघायला सांगा. थोडी चर्चा होते, कुणी बधत नाही, तेव्हा हा स्वतःच म्हणतो की आता गुप्त मतदान घ्या, मी मत देणार नाही, तुम्ही अकराही जण परत दोषी म्हणालात तर मीही तुमच्याबरोबर. म्हणजे सगळं एका फेरीवर लावून मोकळा! चिठ्ठ्या एकेक उघडल्या जातात तेव्हा तो बाजूला उभा असतो आणि आपण श्वास रोखून बघत बसतो. एक चिठ्ठी वेगळी निघते, एका म्हाताऱ्याची. तो म्हातारा काही मुलगा निर्दोष आहे म्हणून मत फिरवत नाही हां, त्याला वाटतं की हा माणूस एकटा उभा राहिलाय तर याचं म्हणणं अजून ऐकून घ्यायला हवं. मला विचाराल तर सिनेमातली दुसरी हिंमत त्या म्हाताऱ्याची आहे, पहिल्याला साथ देणारा दुसरा माणूस, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

अजून एक, ल्युमेटने कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवलाय आणि हळूहळू खाली आणलाय, लेन्सही लांब लांब फोकल लेंग्थच्या वापरत गेलाय, त्यामुळे शेवटाकडे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. हे आधी सांगू नका, तिला जाणवतंय का ते बघा. हिंदीत बघायचा असेल तर बासू चॅटर्जींचा एक रुका हुआ फैसला आहे, 1986 चा, पंकज कपूर आणि के. के. रैना दोघांचं काम बघण्यासारखं आहे. पण आधी मूळ बघा.

रविवारचा_शो

मी थोडा वेगळा सूर लावतो. जिंकणारे सिनेमे इतके वाईट नसतात हो. पंधराव्या वर्षी पोरांना जिंकणं बघावंसं वाटतं आणि वाटावंच, रोज रात्री हरणारी माणसं दाखवलीत तर ती म्हणेल की सरळ वागून मिळतं काय. शेवट माहीत असण्याचंही मला काही वाटत नाही, भाग मिल्खा भागमध्ये रोम ऑलिम्पिकला मिल्खा चौथे आले हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, तरी ते मागे वळून बघतात तेव्हा चर्र होतंच की.

आणि स्पोर्ट्सवाले सगळे एका माळेत बसवू नका. रॉकी बघितलाय का तिने? एका बॉक्सरचा, 1976 चा पहिला, पुढचे भाग नाहीत. लोकांच्या डोक्यात रॉकी म्हणजे पायऱ्या चढून हात वर करणारा माणूस, पण तो शेवटची मॅच हरतो! मॅचच्या आदल्या रात्री तो त्याच्या मैत्रिणीला, एड्रियनला, येऊन सांगतो की मी समोरच्या बॉक्सरला हरवू शकत नाही, मला फक्त पंधरा राउंड उभं राहायचंय. बस. आणि शेवटी निकाल जाहीर होत असतो तेव्हा त्याचं तिकडे लक्षच नसतं, तो एड्रियनला हाका मारत असतो, निकाल त्या गोंगाटात नीट ऐकूही येत नाही. तुमच्या भाचीच्या प्रश्नाला याच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही मिळणार. बॉक्सिंग आहे त्यामुळे शेवटी थोडं रक्त आहे, तेवढं चालवून घ्या.

मृण्मयी_द

सचोटी म्हटलं आणि सत्यकाम अजून कुणी लिहिला नाही? हृषिकेश मुखर्जींचा, 1969 चा, धर्मेंद्रचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असं माझं ठाम मत आहे. सत्यप्रिय नावाचा इंजिनिअर, खोट्या बिलावर, खोट्या कागदावर सही करायची नाही एवढा साधा नियम. आणि सिनेमा त्या नियमाची पूर्ण किंमत दाखवतो, नोकरीमागून नोकरी जाते, बायकोची ओढाताण होते. शिवाय तो नेहमी गोड वागतो असंही नाही, त्याच्या सरळपणाला एक धार आहे आणि ती जवळच्यांना आधी कापते. संजीव कुमार त्याचा मित्र आहे, तो आपल्यासारखाच, जमेल तिथे जुळवून घेणारा, आणि गोष्ट तोच सांगतो म्हणून ती जास्त लागते.

शेवट सांगतेय, ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

मरणाच्या दारात असताना, आपल्यामागे बायको आणि मुलाचं काय होणार या काळजीने तो आयुष्यात पहिल्यांदा एका चुकीच्या कागदावर सही करतो. तिच्यासाठी. आणि ती तो कागद फाडते. जिने इतकी वर्षं याच्या हट्टापायी सोसलं तीच त्याला वाचवते, पैसे हातात आलेले असताना. इथे शर्मिला टागोरचा चेहरा बघा.

दुसरा उंबरठा, जब्बार पटेलांचा, 1982 चा. स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, चांगलं सुखवस्तू घर सोडून, लहान मुलगी मागे ठेवून. आश्रमात आतून काय काय चाललंय ते दिसल्यावर ती गप्प बसत नाही, कमिटीला नको असलेले प्रश्न विचारते आणि शेवटी राजीनामा देऊन परत येते. घरी तिची जागा राहिलेली नसते. मग ती परत बाहेर पडते. बघणाऱ्याच्या मनात राग येतो, कधीकधी तिचाही येतो, मुलीला सोडून कशी गेली म्हणून, आणि तो राग यावा म्हणूनच सिनेमा तसा केलाय असं मला वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर बघायला आणि नंतर भांडायला यासारखा सिनेमा नाही.

अबोली

अरे वा, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! उंबरठा मी लहान असताना अर्धवट बघितला होता, फक्त सुन्या सुन्या मैफलीत लक्षात राहिलंय, आता पूर्ण बघेन.

एक शंका. ही मुलगी सिनेमा संपला की लगेच मोबाईल काढून हे खरंच घडलं का ते शोधते, आणि खऱ्या घटनेत काहीतरी वेगळं निघालं की सगळ्या सिनेमावरचा विश्वास उडतो तिचा. अशा वेळी काय करता तुम्ही? आणि घटनेशी प्रामाणिक असलेले कुठले आहेत का?

कंदील

अबोली ताई, ती शोधते हे फार चांगलं करते, थांबवू नका. मी तर सिनेमा आणि खरी घटना शेजारी ठेवूनच बघतो, फरक कुठे केलाय यावरून कळतं की बनवणाऱ्याला कशाची भीती वाटली.

उदाहरण देतो. हिडन फिगर्स, 2016 चा, नासातल्या तीन कृष्णवर्णीय गणिती बायकांचा. सिनेमा म्हणून छानच आहे, जरूर दाखवा. त्यात कॅथरीन जॉन्सन रोज लांबच्या इमारतीत कृष्णवर्णीय बायकांसाठीच्या बाथरूमला पळत जाते आणि मग एक दिवस तिचा गोरा बॉस हातोडा घेऊन तो बोर्ड फोडतो, थिएटरात टाळ्या. तसं झालंच नव्हतं. तो बॉस दोन-तीन लोक एकत्र करून रचलेलं पात्र आहे आणि खुद्द कॅथरीन यांनी सांगितलंय की त्या सरळ जवळचंच बाथरूम वापरायच्या, परवानगी न मागता. मला सांगा, यातली जास्त मोठी हिंमत कुठली? सिनेमाने तिची हिंमत काढून बॉसच्या हातात हातोडा दिला. डोरोथी वॉन 1949 मध्येच सुपरवायझर झाल्या होत्या, सिनेमात 1961 साल उजाडलं तरी त्यांना ते पद मिळत नाही. पण अंतराळवीर जॉन ग्लेनने 1962 च्या उड्डाणाआधी कॉम्प्युटरचे आकडे कॅथरीनकडून तपासून घ्या म्हणून सांगितलं ते मात्र खरं आहे. हे सगळं भाचीला स्वतः शोधू दे, तिला मजा येईल.

आणि घटनेला धरून असलेला हवा तर सोफी शोल, द फायनल डेज, 2005 चा, जर्मन. म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरच्या विरोधातली पत्रकं टाकली म्हणून 18 फेब्रुवारी 1943 ला सोफी आणि तिचा भाऊ हान्स पकडले गेले आणि 22 तारखेला खटला चालवून त्याच दिवशी मारले गेले. ती 21 वर्षांची होती. चौकशीचे कागद पूर्व जर्मनीच्या संग्रहात पडून होते, ते नंतर हाती आले आणि सिनेमातल्या चौकशीला त्यांचा आधार आहे. म्हणून ते प्रसंग इतके वेगळे वाटतात, ओरडाआरडा जवळजवळ नाहीच, एक टेबल, एक अधिकारी आणि ती. सुरुवातीला ती इतकं सफाईदार खोटं बोलते की सुटायच्या बेतात येते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण तिला मरायची हौस नव्हती, जगायचं होतं. मग पुरावा सापडतो. तो अधिकारी तिला वाट काढून देतो, भावाच्या नादी लागून केलं असं म्हण. ती नाही म्हणते. तिथे म्युझिक नाही, भाषण नाही, एवढंच. यात शेवटी ती वाचेल अशी आशा तुमच्या भाचीला गूगल केल्यावर उरणार नाही, आणि तरी ती खुर्चीच्या टोकावर बसून बघेल याची मला खात्री आहे. शेवटची शिक्षा थेट दाखवत नाहीत पण प्रसंग जड आहे, तुम्ही बरोबर बसा.

खिडकीपाशी

कंदील यांना अनुमोदन. मला फक्त एकच नाव जोडायचंय, जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा इकिरू, 1952. इथे जुलमी राजवट नाही, गुन्हेगार नावापुरते. एका सरकारी ऑफिसातला म्हातारा साहेब, तीस वर्षं शिक्के मारण्यात घालवलेली, आणि पोटाचा कॅन्सर झालाय हे कळतं. सुरुवातीलाच काही बायका घाण पाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करून द्या म्हणून अर्ज घेऊन येतात आणि त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या असं फिरवत फिरवत पुन्हा पहिल्या खिडकीशी आणून सोडतात. कुठल्याही देशातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

मग हा माणूस ठरवतो की ती बाग करायची. कसं? तर प्रत्येक खात्यात जाऊन वाकून उभा राहतो, जात नाही तिथून. अपमान होतो, गुंड धमकावतात, तो तसाच उभा. हिंमत म्हणजे आवाज चढवणं असं आपण धरून चाललेलो असतो, ह्याचा आवाज सबंध सिनेमात धड ऐकू येत नाही.

एक सूचना, तो माणूस मेला की सिनेमा संपला असं समजून टीव्ही बंद करू नका, अजून जवळजवळ पाऊण तास बाकी असतो. तो गेल्यावर सगळे सहकारी जमून दारू पिता पिता श्रेय कुणाचं यावर वाद घालतात, उपमहापौर सगळं स्वतःच्या नावावर घेऊन जातो, मग यांना गहिवरून येतं, आम्हीही असंच काम करू म्हणून शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय होतं ते लिहीत नाही.

रविवारचा_शो

इकिरू पंधरा वर्षांच्या मुलीला संथ वाटेल असं मला वाटतं, तो सगळ्यात शेवटी ठेवा. आणि एवढं जड जड झाल्यावर मध्ये एक हरिश्चंद्राची फॅक्टरी टाका, परेश मोकाशींचा. दादासाहेब फाळक्यांवर आहे, घरातलं सामान विकलं जातंय, डोळे जायची वेळ येते, आणि सबंध घर त्यात उत्साहाने उड्या मारतंय. मला तो मुद्दाम सुचवावासा वाटतो कारण अडचणीत माणूस आनंदी पण असू शकतो हे बाकीच्या यादीत कुठेच नाहीये. शिवाय त्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईंचं काम बघा, फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळं त्या करत होत्या.

मृण्मयी_द

हो हो, फॅक्टरी पाहिजेच. रॉकीबद्दल पण पटलं मला, फक्त जिंकणारे सिनेमे वाईट नसतात हे पटवायला तुम्ही हरणारा सिनेमा निवडलात!

अबोली

सगळ्यांचे खूप आभार. क्रम असा ठरवलाय, आज ट्वेल्व्ह अँग्री मेन, मग रॉकी, मग फॅक्टरी, मग हिडन फिगर्स आणि लगेच दुसऱ्या दिवशी सोफी शोल, म्हणजे कंदील म्हणतात तसं दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. सत्यकाम त्यानंतर. उंबरठा मात्र तिची आई तिला न्यायला येईल त्या दिवशी तिघी मिळून बघू, त्यावर तिच्या आईचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय. इकिरू तिने मागितला तरच, पण मी एकटी नक्की बघणार. आज पहिलं मतदान झालं की पॉज करून तिला विचारते, तू त्या खोलीत असतीस तर तुझा हात कुठल्या बाजूला असता. काय म्हणाली ते उद्या इथे लिहिते.