कापडकचऱ्याचा कायदा: पुण्यातल्या छोट्या ब्रँडनी आत्ताच तयारीला लागावं का?

कातरकाम: धायरीत आमचं कुर्त्यांचं सहा मशिनींचं युनिट आहे. वेबसाइटवरून थोडा माल फ्रान्स-जर्मनीलाही जातो. युरोपीय संघाने २०२५ मध्ये कचऱ्याचा कायदा बदलला. कपडा बाजारात आणणाऱ्यानेच तो जुना झाल्यावर गोळा करण्याचा, निवडण्याचा, रिसायकलिंगचा खर्च उचलायचा. सदस्य देशांना मुदत एप्रिल २०२८ पर्यंत. फ्रान्सचा कायदा तर २००७ चाच. तिथल्या व्यापाऱ्याला घाऊक माल दिला तर जबाबदारी त्याची, थेट गिऱ्हाइकाला पाठवला तर आपली. म्हणून प्रत्येक स्टाइलचं वजन, धाग्याची टक्केवारी आणि कुठल्या देशात किती नग गेले, हे आजपासून वहीत उतरवा.

रविवारपेठ: अहो, आपल्याकडे ही सक्ती प्लास्टिक, ई-कचरा, टायरला आहे, कपड्याला अजून नाही. प्लास्टिकच्या नोंदणीतच आमचे दोन महिने गेले. सणाच्या तोंडावर कटिंग मास्तर माल काढेल की टक्केवारी लिहील? आणि जुना कपडा आपण कधी फेकलाय? दारावर बोहारीण यायची, साड्या घेऊन पातेलं द्यायची.

निवडशेड: दादा, मी कपडे निवडायचं काम करते. काल एक कुर्ती हातात आली. अंग कॉटनचं, अस्तर पॉलिएस्टरचं, गळ्याला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवलेलं कडक अस्तर), त्यावर गोंदाने चिकटवलेल्या टिकल्या. लेबलवर ‘१०० टक्के कॉटन’. टिकल्या खरवडण्यातच दहा मिनिटं गेली, तरी गोंद राहिलाच. असली कुर्ती कुठली बोहारीण घेईल? पानिपतला जुन्या कपड्यांच्या गिरण्या आहेत, तिथेही बायका आधी चेन-बटणं कापतात, मगच कपडा फाडून त्याचा धागा होतो. या दहा मिनिटांची मजुरी आज कुणीच देत नाही. कायदा आला तर ती शिवणाऱ्याकडून यावी.

रविवारपेठ: ताई, मजुरी मिळायलाच हवी. पण व्यापाऱ्याने बिलावर ‘कॉटन’ लिहिलं, तर मी काय करू?

कातरकाम: धागा जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर आक्रसून त्याची कडक गोळी होते.

रविवारपेठ: मिक्समध्ये टक्केवारी त्याने कळत नाही, लॅबच लागते. प्रत्येक ताग्याला परवडेल का? आधी गिरणीवाल्याला टक्केवारी लिहायला लावा, मग माझ्याकडे या.

कातरकाम: गिरणीचं पटलं. पण अस्तर आणि गोंद तर आपणच निवडतो ना? या लॉटपासून मी अस्तर सुती घेतलं, टिकल्या शिवून लावल्या. नगामागे बावीस रुपये वाढले.

निवडशेड: शिवलेल्या टिकल्या दोरा ओढला की एका झटक्यात निघतात.