दहावी सोडून मुंबई गाठा म्हणे! १५ व्या वर्षी अ‍ॅक्टिंगचं करिअर, माझा ठाम विरोध

तिसरी_घंटा:
कालपासून एका अ‍ॅक्टिंग कोचची पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं, की मुलांना १४-१५ लाच मुंबईत आणा, अठराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला, दहावी काय १७ नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून पण होते. आणि खाली पालकांची रांग, "सर फी किती", "सर माझी मुलगी नववीत आहे, उंची पाच तीन, फोटो कुठे पाठवू". डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबेल.

मी शाळांमधून नाट्यशिबिरं घेतो, बालनाट्य बसवतो. पोरांनी अभिनय करूच नये असं मी कशाला म्हणेन? जरूर करावा. एक सीन पंधरा वेळा करून बघावा, विंगेत उभं राहून दुसऱ्याचं काम बघावं, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, उचलावी. पण डेली सोप हे शिकायचं ठिकाण नाही. तिथे दिवसाला अमुक मिनिटांचं फुटेज निघालंच पाहिजे, बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग) संपत आलेली असते, सीन हातात येतो तेव्हा लायटिंग झालेलं असतं. पोराला जे एक एक्स्प्रेशन जमतं तेच रोज मागितलं जातं आणि दोन वर्षांनी मालिका संपते तेव्हा त्याच्याकडे तेवढंच उरतं. त्यात आवाज फुटलेला, उंची वाढलेली, चेहरा बदललेला, म्हणजे ज्या 'लूक'साठी घेतलं होतं तोही गेला.

आणि कायदा बघा. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला शूटिंगला घ्यायचं तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. चौदा पूर्ण झाली की ती परवानगी पण गेली आणि ती एफडी पण गेली. म्हणजे कोच ज्या वयात "या" म्हणतोय, नेमकं त्याच वयात पोराच्या पैशाला वाली नाही.

घोडबंदरची_मी:
दादा, पोस्ट वाचून मला राग आला आणि तो त्या कोचवर नाही, तुमच्यावर आला.

मी १६ व्या वर्षी पहिली मालिका केली. अकरावीला होते. बाबांची कंपनी बंद पडली होती, घराचे हप्ते थकले होते आणि माझं सिलेक्शन झालं. मेकअप रूममध्ये केसांना रोलर लावलेले असायचे आणि मांडीवर इकॉनॉमिक्सचं पुस्तक, हेअरवाल्या ताई म्हणायच्या मान खाली घालू नको गं, मग मी पुस्तक आरशाला टेकवून वाचायचे. बारावी झाले, बीए पण झाले. घराचं कर्ज त्या मालिकेने फेडलं. आणि "एकच एक्स्प्रेशन" म्हणता? मार्क (कॅमेऱ्यासमोर उभं राहायची ठरलेली जागा) कसा पकडायचा, कंटिन्युइटी (आधीच्या शॉटशी मेळ) कशी सांभाळायची, क्लोज-अपमध्ये डोळे किती हलवायचे, समोरचा नट निघून गेला तरी त्याच्या जागी असिस्टंटकडे बघून रडायचं कसं, हे सगळं मला सेटवरच आलं. तुमच्या शिबिरात शिकवता का हे? सुट्टीत शिबिराची फी तुम्हीही घेताच ना, मग कोचच्या फीबद्दल एवढं का लागलं?

सचिन पिळगावकर १९६३ ला लहानपणी पडद्यावर आले आणि १९७५ ला हिरो झाले. त्यांना कुणी सांगितलं होतं का आधी ग्रॅज्युएट व्हा म्हणून?

तिसरी_घंटा:
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण घराचं कर्ज १६ वर्षांच्या मुलीने फेडलं, हे तुम्ही बाजूने सांगताय आणि मला तेच भयंकर वाटतंय. त्या वयात "मला उद्या जायचं नाही" असं म्हणायची सोय होती का तुम्हाला? आणि सचिन हे एक नाव झालं. त्या काळातल्या बाकीच्या बालकलाकारांची नावं आठवून सांगा बरं.

घोडबंदरची_मी:
माझ्या बाबांबद्दल काहीही माहिती नसताना बोलू नका. त्यांनी मला कधीही ढकललं नाही. हो, पैसे नव्वद दिवसांनी यायचे, एका निर्मात्याने शेवटचे दोन महिने दिलेच नाहीत, ते आजही खुपतं. पण ते मोठ्या नटांचंही होतं. त्याला वयाशी जोडू नका.

कलम_बहाद्दर:
मी वकिली करते, कायद्याचं थोडं नीट सांगते. १४ ते १८ अगदीच उघड्यावर नाहीत. किशोरांसाठी मूळ कायद्यात दिवसाला ६ तास, त्यातच विश्रांती, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, असं आहे. ते सेटवर पाळलं जातं का हा वेगळा विषय, मी तरी नाइट शिफ्टला पंधरा वर्षांची मुलं बघितली आहेत. मात्र एफडीबद्दल मूळ धागा बरोबर आहे, ती तरतूद 'बालका'पुरतीच, म्हणजे १४ खालच्यांपुरतीच आहे. शिवाय अज्ञानाने, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीने, केलेला करार आपल्याकडे रद्दबातल, प्रिव्ही कौन्सिलने १९०३ ला मोहोरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणून सही पालकाची, बऱ्याचदा खातंही पालकाचंच. ज्यांनी पाठवायचं ठरवलंच आहे त्यांनी मुलाच्या नावाचं खातं आधी उघडा आणि पेमेंटची मुदत करारात लिहून घ्या.

मांजराकाठी:
तुम्ही सगळे पुण्या-मुंबईचे, तुमचं चालू द्या. आमच्याकडं लातूरला काय होतं ते कुणी विचारत नाही. माझा पुतण्या, दहावीला आहे, शाळेच्या गॅदरिंगला त्याचं काम बघून लोक उठून टाळ्या वाजवायलेत. त्याला ऑडिशनला घेऊन गेलो. नाव सांग, वय सांग, उंची सांग, डावा प्रोफाइल उजवा प्रोफाइल, सगळं केलं लेकरानं. डायलॉग म्हणला तर समोरची मॅडम म्हणते "छान आहे, पण आधी भाषा सुधारून ये". बाहेर आलो तर तिथंच काम करणारा एक पोरगा मागून पळत आला, म्हणतो गड्याच्या पोराचा एक रोल आहे, दोन दिवसाचा, त्याला हीच भाषा पाहिजे, बदलू नका. लेकरू रस्ताभर गप्प होतं.

पेठेतला_प्रॉम्प्टर:
वाईट वाटलं वाचून, पण यात अपमान काय आहे? नटाला प्रमाण भाषा यायलाच हवी. न आणि ण नीट आले नाहीत तर शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचत नाही. आमच्या वेळी पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालमीला सिनियर लोक पेन्सिल दातात धरून वाक्यं म्हणायला लावायचे.

मांजराकाठी:
काका, वाक्य पोचत नाही का तुम्हाला ऐकायची सवय नाही? आमचं वाक्य सगळ्या बाजारात पोचतं. प्रमाण भाषा शिकू की, नाही कोण म्हणतंय. पण मग तुमच्या पोरांनी आमची का शिकू नये? तुमची पोरं दर वाक्याला "व्हय जी" लावून गावाकडचं काम करायलेत आणि तुम्ही त्याला बक्षीस द्यायलेत. लातूरचं बोलणं निराळं, कोल्हापूरचं निराळं, वऱ्हाडातलं निराळं, सगळ्याचा एकच काला करून ठेवलाय.

भीमाकाठ:
+१ मांजराकाठी. 'सैराट' २०१६ ला आला तेव्हा अकलूजच्या रिंकू राजगुरूला कुणी भाषा सुधारायला लावली नाही म्हणून ती आर्ची झाली. शाळेत असताना राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला पोरीला. नंतर गर्दीमुळं शाळेत बसणं मुश्कील झालं, बाहेरून दहावी दिली, २०१७ ला ६६.४० टक्के. त्या १७ नंबरला नावं ठेवताय मंडळी, त्यानंच तिचं वर्ष वाचलं.

पेठेतला_प्रॉम्प्टर:
एका सिनेमावरून नियम होत नाही. आणि करंडकाला पुण्या-मुंबईचा म्हणून हिणवू नका, कोल्हापूरला, नागपूरला केंद्रं आहेत. २०२२ ला परीक्षकांनी दर्जा नाही म्हणून पुण्यात करंडक कुणालाच दिला नव्हता, आपल्याच पोरांना! एवढी कडक स्पर्धा दुसरी दाखवा.

मांजराकाठी:
कॉलेजची स्पर्धा आहे ती काका. पंधरा वर्षांच्या लेकरानं काय करावं तवर? तिसरी_घंटा म्हणतात विंगेत उभं राहा. विंग तर पाहिजे. आमच्या तालुक्याला नाटकाचा हॉल नाही, गणपतीत मांडव पडतो तेवढाच. म्हणून त्या कोचच्या पोस्टखाली आमच्याकडचे बाप फी विचारतात. दुसरं कुणी त्यांना काही सांगतच नाही.

ईपी_होतो:
अकरा वर्षं प्रॉडक्शनला होतो म्हणून दोनच गोष्टी. ऑडिशनला, लूक टेस्टला, 'रजिस्ट्रेशन'ला कुणीही एक रुपया मागितला तरी उठून बाहेर या, खरं कास्टिंग पैसे घेत नाही. आणि मांजराकाठी दादा, त्या मॅडमना चॅनेलची भीती असते. ब्रीफमध्ये 'न्यूट्रल भाषा' लिहून येतं. चूक आहे, पण तुमच्या पुतण्यात खोट होती म्हणून नाही झालं ते. त्याला हे सांगा.

नववीतलीची_आई:
त्या पोस्टखाली उंची लिहिणारी मीच. इथे सगळे आमच्यावर हसताय असं वाटलं आधी. मुलीला खरंच आवडतं हो, आरशासमोर नाही, ती आजीची नक्कल करते तेव्हा आजीसुद्धा गप्प होऊन बघते. अठरापर्यंत थांब म्हटलं तर ती काय करेल तोवर, हे कुणीतरी सांगा.

तिसरी_घंटा:
हसलो नाही ताई, राग कोचवर होता. शाळेतून बालनाट्यात घाला, शासनाची बालनाट्य स्पर्धा दरवर्षी असते. एखादी जाहिरात किंवा सुट्टीतला सिनेमा आला तर बघा, सोबत तुम्ही हवंच. डेली सोप नको. आणि शिक्षण सोडू नका, एनएसडीला (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) पदवी लागते आणि किमान सहा नाटकांचा अनुभव मागतात, दार आत्ताच कशाला बंद करायचं?

घोडबंदरची_मी:
एनएसडीत जाणारे किती आणि मालिकेत काम करून घर चालवणारे किती! पण ठीक आहे, एवढं मान्य करते, माझ्या मुलीला मी सोळाव्या वर्षी डेलीला पाठवणार नाही. सिनेमा आला तर पाठवेन. आणि हे तुमच्यामुळे नाही, त्या बुडालेल्या दोन महिन्यांमुळे.

तिसरी_घंटा:
कशामुळे का होईना. मांजराकाठी, भाषेवरून एवढं बोललात, मी येतो लातूरला. दिवाळीनंतर आठवडाभराचं शिबिर, फी नको, फक्त राहायची सोय करा. पोरं त्यांच्याच बोलीत नाटक लिहितील.

मांजराकाठी:
दिवाळीनंतर नको. आमच्या शाळेतली बरीच लेकरं तवर आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली असतात, ती मार्चशिवाय येत नाहीत, आणि त्यातली दोन-तीन माझ्या पुतण्यापेक्षा भारी आहेत. जूनमधी शाळा सुरू झाली की या. राहायचं आमच्या घरी. आणि पेठेतल्या काकांना पण आणा, पेन्सिल न घेता.

पेठेतला_प्रॉम्प्टर:
येतो. पण ण चं बघूच.