ग्रेडेशन (कणांच्या आकारांची वाटणी) ‘छान’ आहे, तरी बारीक कण वाहून जातील का?

चाळणीवाली: मातीच्या धरणात वापरायच्या खडी-रेतीच्या नमुन्याचे आकडे देते. चाळणीतून गेलेला माल, वजनाने: ०.०७५ मिमी ६%, ०.१५ ला १०, ०.३ ला १४, ०.६ ला १७, १.१८ ला २०, २.३६ ला २७, ४.७५ ला ३८. डी६० (६०% माल ज्याहून बारीक, तो आकार) साधारण १० मिमी. बारीक भागाला प्लॅस्टिसिटी (चिकणमातीसारखा चिकटपणा) नाही. युनिफॉर्मिटी कोएफिशिएंट (डी६० भागिले डी१०) साठच्या वर, म्हणून साहेब म्हणतात "वेलग्रेडेड (सगळ्या आकारांचे कण असलेला) आहे, चालेल". मला ०.३ ते १.१८ मधला सपाट कर्व्ह खटकतोय.

पाझरवाला: खटकायलाच हवा! तो कोएफिशिएंट फक्त दोन बिंदू बघतो, मधे काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. बारीक कण निसटू शकतात का ते तपासणारी केनी-लाऊची पद्धत लावा. कुठलाही आकार डी घ्या, त्याहून बारीक माल एफ, डी ते ४डी मधला माल एच. एच भागिले एफ १ च्या खाली गेलं की बारीक कणांना अडवणारे मधले कणच कमी. तुमचं ०.३ ला एफ १४, एच (४डी म्हणजे साधारण १.१८ पर्यंत) २० वजा १४ म्हणजे ६. भागाकार ०.४३. ०.१५ लाही ०.७ च येतोय. असा रुंद पसरलेला माल असेल तर एफ २०% पर्यंतच तपासायचं, पुढे नाही.

केझ्दीच्या पद्धतीनेही पाहिलं, म्हणजे कर्व्हचे दोन भाग करून जाड भाग बारीक भागाला अडवतो का ते. ०.६ ला कर्व्ह तोडला तर जाड भागाचा डी१५ साधारण २.८ मिमी, बारीक भागाचा डी८५ ०.३३. गुणोत्तर आठाच्या वर, हवं ४ च्या आत. नापास.

जुना_गाळ: +१. पण ही फक्त भूमिती झाली. कण निसटू शकतात एवढंच कळतं, निसटतील का ते पाण्याचा ग्रेडियंट (पाझराच्या वाटेवर पाण्याचा दाब किती झपाट्याने उतरतो ते) ठरवतो. त्यावर भरवसा मात्र नको: स्केम्प्टन आणि ब्रोगन यांच्या १९९४ च्या प्रयोगांत अशा अस्थिर खडीतली वाळू नेहमीच्या क्रिटिकल ग्रेडियंटच्या (ज्याला वर चढणारं पाणी माती उचलतं, त्याच्या) तिसऱ्या-पाचव्या हिश्श्यालाच हलायला लागली होती. बाकी, चाळणी सुकी केली की ओली?

चाळणीवाली: सुकी. धुवून परत करते. बारीक माल वाढला तर निकाल सुधारेल का हो?

पाझरवाला: उलट. खडीला चिकटलेली धूळ सुटून ०.०७५ खालचा माल ३ टक्क्यांनी वाढला, तर ०.३ ला एफ १७ होईल, एच ६ च राहील, म्हणजे ०.३५. बारीक माल (सपाट भागाच्या खालचा, तुमच्याकडे १७-२०%) ३५ टक्क्यांच्या पुढे गेला तर गोष्ट वेगळी, तिथे खडीच बारीक मालात तरंगते आणि हा हिशेब लागू होत नाही. तुमचा नमुना तिथवर जात नाही. साहेबांना कर्व्हच दाखवा, आणि खालच्या बाजूचा फिल्टर (निसटलेले कण अडवणारा थर) आधी बघून घ्या.