औरंगजेबाला अडवलं कोणी, पावसाने की किल्लेदारांनी?

घाटवेडा: बादशाहाकडे एवढी फौज, तोफा, खजिना, आणि तरी एकेका किल्ल्यापायी पाच-पाच महिने? शाळेत गनिमी कावा म्हणून विषय संपवला. पावसाचा खरंच किती वाटा होता, की ते आपलं मागाहून चिकटवलेलं?

बखरवाचक: वाटा होता, पण नुसत्या पावसाला कोणी घाबरत नाही रे. १६६० ला पन्हाळ्याला सिद्दी जौहरने भर पावसात वेढा चालूच ठेवला. पाऊस उपयोगी कधी, तर किल्ला तोवर टिकला तर. विशाळगड बघ. डिसेंबर १७०१ ला वेढा पडला, आत परशुरामपंत प्रतिनिधी, त्यांनी जून १७०२ पर्यंत झुंजवत ठेवलं आणि मग बोलणी करून, पैसे घेऊन किल्ला सोडला. तोवर मृग लागलेला! आता बादशाहाला परत फिरायचं होतं, तर पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम ३० मैलांना ३८ दिवस लागले, ओढ्यांना पूर, जनावरं चिखलात रुतलेली, तंबू भिजून उचलवेनात, धान्याचे भाव गगनाला.

तोफखाना: म्हणजे किल्ला विकलाच ना शेवटी? फितुरीच की.

बखरवाचक: फितुरी कसली त्यात? शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, जिवंत बाहेर आली, वर मुघल खजिन्यातले पैसे हातात. किल्ला काय, परत घेता येतो. औरंगजेब १७०७ ला गेला त्याच्या आगेमागे सातारा, पन्हाळा पुन्हा आपल्याकडेच होते.

माणकाठ: आमच्या माण नदीला विसरलात. १७०० मध्ये सातारा, परळी (म्हणजे सज्जनगड) घेतल्यावर छावणी खवासपूरला पडली, नदीच्या पात्रात न् काठावर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर डोंगरात पाऊस झाला आणि रात्री लोंढा आला. आरडाओरडा ऐकून बादशाहाला वाटलं मराठेच घुसले, घाईत उठताना पडला, गुडघा निखळला आणि जन्माचा लंगडा झाला. एरवी आमच्याकडे पाण्याच्या नावाने शिमगा असतो, पण त्या वर्षी नदीने काम केलं.

तोफखाना: साताऱ्याला मात्र पाऊस नव्हता हां. एप्रिलात मुघलांचाच सुरुंग उलटला, त्यांचीच हजारेक माणसं तरी गाडली गेली, आणि आत किल्लेदार प्रयागजी प्रभू डिसेंबरपासून ठाण मांडून.

घाटवेडा: मग रामसेज? नाशिककडे कोकणघाटासारखा पाऊस कुठे, तरी वर्षानुवर्षं पडला नाही.

बखरवाचक: तिथे श्रेय सगळं किल्लेदाराचं. वेगळा धागा काढ, इथे मावणार नाही.