कुमारटुलीची लेक: बापाचा कुंचला की सुतळी?

पेंढेवाला: कोलकात्याच्या कुमारटुलीतला, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतला, मूर्तिकार बाप आणि त्याची लेक यांवर कौटुंबिक नाटक रचायचे म्हटले की शेवट ठरलेला. महालयेची, म्हणजे दुर्गापूजेआधीच्या अमावास्येची पहाट, बाप अंथरुणाला खिळलेला, लेक दुर्गेचे डोळे रेखते. मला हे पटत नाही. खरी विद्या पेंढा बांधण्यात आहे. काठामोवर, म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर, पेंढा सुतळीने आवळतात, तिथेच देवीची उभी राहण्याची ढब ठरते. बांधणी सैल राहिली की ओल्या मातीच्या भाराने पेंढा सरकतो आणि काखेत, कमरेत भेगा पडतात. मग वरून कितीही रंग चढवा! लेक बापाकडून काय शिकली ते रथयात्रेला, काठामो पूजतात तेव्हा दाखवा.

आखणी: साफ असहमत. पेंढा बांधायला हंगामी कारागीर असतात. घरातली माणसे हातात राखतात ते मुख. ते साच्यातून काढून वेगळे वाळवतात, मग धडावर बसवतात. बोटेसुद्धा वेगळी. साचा एकच असला तरी भुवईची कमान आणि डोळ्याची कड कुंचल्यानेच ठरते, गिऱ्हाईक त्यावरून कारखाना ओळखते. पेणच्या गणपतींचे काय वेगळे आहे? रंग दहा जण देतील, डोळ्यांची आखणी मोजक्यांकडेच.

पेंढेवाला: गिऱ्हाईक ओळखते, मान्य. पण नाटक गिऱ्हाइकाचे आहे की लेकीचे?

चिंचोका: दोघेही मंडळाचा बयाणा विसरलात, मूर्ती वेळेत द्यावी लागते. कुमारटुलीतल्या मूर्तिकार चायना पाल यांनी 1994 मध्ये वडील गेल्यावर कारखाना हाती घेतला. अशा वेळी पहिला सवाल हा की बापाचे कारागीर पोरीचे ऐकणार का. आणि तो पावसात सुटतो. पहिला थर, एकमेटे, चिकट मातीत भाताचा तूस कालवून देतात. तो वाळला की भेगा पडतातच. त्यांवर पातळ चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग बारीक मातीचा दुसरा थर, दोमेटे. भाद्रपदात हे वाळता वाळत नाही. घाईने बर्नर जवळ धरला तर वरची कातडी सुकते, आत ओल राहते आणि पांढऱ्यावर डाग फुटतात. पांढरा म्हणजे खडू आणि चिंचोक्याची खळ: खळ पातळ झाली तर रंग हाताला लागतो, घट्ट झाली तर पोपडे सुटतात. मंडळाचा माणूस दारात उभा आहे, कारागीर म्हणतो "मारा पांढरा", आणि लेक म्हणते "अजून दोन दिवस". हा प्रवेश लिहा की!

आखणी: प्रवेश झकास. तरी डोळे बापानेच रेखावेत, लेक वाटी धरून उभी. तेही महालयेला नको, आता बऱ्याच मूर्ती त्याआधीच मंडपात जातात.

पेंढेवाला: मोठ्या मूर्तीचे मुख बसवल्यावर डोळ्यांपर्यंत पोचायला मचाण लागते. आजारी म्हातारा वर चढणार कसा, तेवढे आधी सांगा.